बाबांच्या चष्म्यातून तीन पिल्लं

आमच्या घरी कॅमेरा आला तो तीन दिवसांसाठी. दादाने नागपूरच्या कचेरीतल्या एका सोबत्याकडून तो मागून आणला होता. काळा डबा, समोर एक भिंग, वर बघायची छोटी काच, आणि आत आठ फोटोंची रीळ. आठच. घरात पाऊल टाकल्या टाकल्या दादाने बजावलं, "कोणी हात लावायचा नाही. फुटला तं मले तोंड लपवून फिरा लागन."

"मग आणला कायले बाप्पा? पूजा करायले?" आई म्हणाली.

साल छप्पन. दादा नागपूरला सरकारी कारकून आणि आम्ही सौसरला. तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. छोट्या रुळांच्या आगगाडीत बसलं की झालं. डॉक्टर तिथं, लग्नाची लुगडी तिथं, अर्धे नातेवाईक तिथं. आणि त्या उन्हाळ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट होती, की राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूर मुंबईकडे जाऊन राहिलं अन् आपला जिल्हा भोपाळकडे राहून राहिला. दादाच्या कचेरीतल्या माणसांचीही वाटणी व्हायची होती. काही मुंबईकडे, काही भोपाळला. कोणाचं नाव कोणत्या यादीत येईल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. "माणसं काय आंबे आहेत का, टोपलीतून वाटून घ्यायले?" आई विचारायची. भोपाळ कुठं आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि दादाने बोटाने नकाशावर दाखवलं तेव्हा ती त्या रात्री जेवली नाही.

म्हणून दादाला फोटो पाहिजे होते. कुठंही धाडलं तरी घर सोबत असावं, एवढंच त्याचं म्हणणं. पहिल्या दिवशी त्याने आईचा एक काढला, दाराचा एक काढला, आणि माझा एक, ज्यात मी रागावलेली दिसते. रागावलेलीच होते. मला पाच फोटो पाहिजे होते, पाखराच्या पिल्लांचे, आणि दादा म्हणत होता, "येडी झाली का तू? रीळ काय झाडाले लागते?"

मग मी त्याला बाबांची पाटी दाखवली. ती त्याने उजेडात नेऊन पाहिली.

बाबा शाळेत ड्राइंग मास्तर होते. आधी पांढुर्ण्याला, मग सौसरला. मी त्यांना फळ्यावर एका दमात मोर काढताना पाहिलं आहे, खडू न उचलता. आदल्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. पाय गेला त्याचं त्यांना इतकं वाटलं नाही. हात गेला त्याचं वाटलं. चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईने जामसांवलीच्या मारुतीला शनिवार धरले, वैद्य झाले, डॉक्टर झाले, सगळं झालं. माणूस काही भिंतीकडून तोंड फिरवेना. मला त्यांचा राग यायचा, खोटं कायले बोलू? अठरा वर्षांची होते, मॅट्रिक झालेली, दिवसभर त्यांचं करत होते, आणि ते माझ्याकडे बघतही नव्हते.

ते फिरले एका घरट्यासाठी.

घरामागे आमची संत्र्याची दहा-बारा झाडं होती आणि विहीर. एप्रिलच्या शेवटी एका झाडात, माझ्या छातीच्या उंचीवर, लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं. भांडी घासता घासता मी ते सहज बोलून गेले. खाटेवरून जड जिभेने आवाज आला, "अंडी किती?" मी हातातली राख तशीच ठेवून परसात पळाले.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी जाऊन पाहायची आणि येऊन सांगायची. तीन अंडी. मग एक दिवस तीन पिल्लं, उघडीवाघडी, डोळे मिटलेली. बाबांनी डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल मागितली. मी सांगेन तसं ते काढायला लागले. डावा हात कुठचा ऐकतो! घरटं म्हणून काढलं ते फुटलेल्या मडक्यासारखं व्हायचं. पण पुसायचे आणि परत काढायचे. "भूक लागली की मान कशी करतात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मान सरळ ताठ वर, चोच उघडी, आत लाल, आणि सगळं अंग थरथरतं. त्यांनी तीन उभ्या रेघा ओढल्या आणि वर तीन उघड्या चोची. त्या मात्र बरोबर आल्या. बाबा हसले. अर्धंच तोंड हसलं, पण हसले. आई चुलीपाशी पदर डोळ्याला लावून बसली.

आणखी एक मी सांगितलं होतं. सांगितलं होतं हे मला आठवतं, त्याचाच तर त्रास आहे. भर दुपारी ती मादी घरट्यात बसत नाही, काठावर उभी राहते, पंख अर्धवट पसरून. बाबा म्हणाले, "छत्री धरून राहिली ती. ऊन लागू नये म्हणून."

आता यात अडचण होती ती ताणाची. संत्र्याला मृगाचा बहार यावा म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड सुकतं, पानं मुरडतात, निम्मी गळतात, पाहणाऱ्याला वाटतं मेलंच. मग पाऊस पडला की ते फुलांनी भरून येतं. ताणात मध्येच कोणी पाणी पाजलं तर बहार गेला. आमच्या झाडांचंही पाणी तोडलेलं होतं, पानं गळायला लागली होती आणि घरटं उघडं पडू लागलं होतं. बाबा मला म्हणाले, "बाई, त्या एका झाडाले पाणी सोड."

"पाखराच्या पायी बहार घालवता का?" आई म्हणाली.

"एका झाडाचा गेला तं गेला."

बागवाल्या माणसाने असं बोलावं म्हणजे काय! शेजारच्यांनी ऐकलं तर वेड्यात काढलं असतं. पण चार महिन्यांनी त्यांनी काही मागितलं होतं. मी रोज संध्याकाळी त्या झाडाच्या आळ्यात विहिरीच्या चार चार बादल्या ओतायला लागले. आठवड्यात आजूबाजूची झाडं वाळल्यागत झाली आणि ते एकटं हिरवंगार राहिलं. घरट्यावर पानांची चांगली दाट सावली होती.

बाबांना पिल्लं पाहायची होती. खाटेसकट त्यांना परसात न्यावं म्हटलं तर दार अरुंद, आणि बाहेर आग ओतत होती. एकदा डोळ्यांनी दिसली तर चांगली काढता येतील, असं ते दोनदा म्हणाले. म्हणून फोटो. दादाला पाटी दाखवून मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पाचही तुझे."

तिसरा दिवस शनिवार होता. आई पहाटेच बैलगाडीने जामसांवलीला गेली. दादाला दुपारच्या गाडीने परत जायचं होतं, रजा संपली होती, आणि त्या दिवसांत एक दिवस जास्त राहायची कोणाची छाती नव्हती. गैरहजर माणसाचं नाव आधी भोपाळच्या यादीत टाकतात, अशी त्यांच्या कचेरीत बोलवा होती. सकाळचे दोन तास कॅमेऱ्याच्या खटपटीत गेले. त्या डब्याने जवळचं नीट येत नाही, सहा-सात फुटांवरूनच येतं, आणि तेवढ्यावरून पिल्लं म्हणजे तीन ठिपके. दादाला सोबत्याने एक युक्ती सांगितली होती, की भिंगापुढे चाळिशीची काच लावली तर दीड-दोन फुटांवरूनही निघतो.

घरात चाळिशी एकच, बाबांची. दादा मागायला कचरत होता. बाबांनी ऐकलं आणि डाव्या हाताने स्वतःच चष्मा काढून पुढे केला. "घेऊन जाय."

मी कणीक मळली, तिची वळी केली आणि आम्ही ती काच कॅमेऱ्याच्या तोंडाला चिकटवली. बाबांच्या फूटपट्टीने अंतर मोजलं. उंच स्टुलावर डबा ठेवला. दादाने वरच्या काचेतून पाहिलं आणि म्हणाला, "अंधार आहे. पानं काढा लागतील."

"तोडू नको हं."

"तोडत नाही बाई. बांधतो."

सुतळीने त्याने चार फांद्या ओढून मागे बांधल्या. घरट्यावर ऊन पडलं, बारा वाजताचं, मे महिन्याचं, आमच्या सौसरचं. मी म्हटलं, पिल्लांना चटका बसेल. दादा घामाने निथळत होता, घड्याळ पाहत होता. तो म्हणाला, "आपण झाडाले महिनाभर ताण देतो, मरते का? अर्ध्या तासात पिल्लाले काय होते?"

आणि मला ते पटलं. संत्र्याच्या बागेत वाढलेली पोर मी. थोडं सोसलं की बहार चांगला येतो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मला ते लगेच पटलं.

मादी विहिरीच्या खांबावर येऊन बसली आणि जोरजोरात ओरडायला लागली. घरट्याकडे झेप घ्यायची, आम्हाला पाहून परत खांबावर. "शिव्या देऊन राहिली आपल्याले," दादा म्हणाला, आणि मी हसले. मला हसू आलं होतं. पिल्लं अंग चोरून पडली होती, तोंडं मिटलेली. दादा कुरकुरत होता, असा मुका फोटो काय कामाचा. आम्ही थांबलो. किती थांबलो ते नक्की सांगता येत नाही, पण माझ्या डोक्यावरचा ओला पदर वाळून कडक झाला तेवढा वेळ. मग एकाने चोच उघडली. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. तिघांच्या चोची आ वासून उघड्या, आतला लाल रंग लखलखीत.

"उघडली! दादा, दाब!"

त्याने पाच फोटो काढले. शेवटचा निघाला तेव्हा मी टाळी वाजवली.

मग एकच धांदल उडाली. गाडीची वेळ झाली होती. दादाने डबा गुंडाळला, हात धुता धुता म्हणाला, "सुतळ्या सोडशीन." मी "हो" म्हटलं. बाबांचा चष्मा धुऊन त्यांच्या नाकावर ठेवला, शिदोरी बांधली. दादाने बाबांच्या पाया पडताना फार वेळ लावला, मला रडू येत होतं, आणि तसेच आम्ही स्टेशनकडे पळालो. गाडी उशिरा आली. आम्ही शेडखाली बसून भोपाळच्या गोष्टी केल्या. तिथं हिंदीत अर्ज लिहावे लागतील, तिथं थंडी फार, तिथं खानावळीत भाकर मिळते की नाही कोणास ठाऊक. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून ओरडला, "बाबाले फोटो लवकर धाडतो!"

मी अर्ध्या रस्त्यात आले तेव्हा मला सुतळ्या आठवल्या.

त्या उन्हात मी कशी पळाले ते मलाच माहीत. मादी घरट्याच्या काठावर होती, पंख पसरून, तिची स्वतःची चोच उघडी. मी जवळ गेले तरी लवकर उडाली नाही. तिच्या खाली दोन पिल्लं मेलेली होती. तिसऱ्याची मान घरट्याच्या काठावरून बाहेर लोंबत होती, गळा लपलप हलत होता. मी सुतळ्या दातांनी तोडल्या. पदराच्या टोकाने त्याच्या चोचीत पाणी सोडलं. ते माझ्या ओंजळीत दिवे लागायच्या आधी गेलं.

त्याच झाडाखाली, मीच रोज ओतलेल्या पाण्याने मऊ झालेल्या मातीत, मी त्यांना पुरलं. मग तोंड धुऊन आत गेले. बाबा वाटच पाहत होते. पाटी मांडीवर होती. "काय म्हणतात पिल्लं?"

मी म्हटलं, "कावळ्याने नेली बाबा. आम्ही स्टेशनवर गेलो तेवढ्यात."

त्यांनी पाटी मांडीवरून बाजूला ठेवली. म्हणाले, "फोटो तं आला ना?"

"आला."

"मग झालं," ते म्हणाले. मला समजावत होते! आई जामसांवलीहून प्रसाद घेऊन आली आणि तिनेही कावळ्याला शिव्या घातल्या. मी खाली मान घालून प्रसाद खाल्ला.

फोटो आले ते पाऊस सुरू झाल्यावर, पाकिटातून. पाचातले चार पुसट होते. एक मात्र इतका स्वच्छ होता की पिल्लाच्या अंगावरची लव मोजावी. आईने तो सगळ्या आळीत फिरवून आणला. जो तो म्हणे, "अगा बाई, किती भुकेली! कशी चोच वासून बसलीत, आईची वाट पाहत!" दादाच्या चिठ्ठीत तेच, कचेरीत सगळे वाहवा करतात, सोबत्याने मोठा करून दिला आहे, तो फ्रेम करून घेणार. मलाही क्षणभर वाटलं, असेल बाई, भूकच असेल.

सगळ्यांचं पाहून झाल्यावर आईने तो बाबांच्या हातात दिला आणि ती गाईकडे गेली. बाबांनी चष्मा लावला. पाटी तयार ठेवली होती, पेन्सिल टोक करून ठेवली होती. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मी दाराशी उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"सावली कुठं आहे?" त्यांनी विचारलं. "बुडाखाली. म्हणजे बारा वाजले होते."

मी दारातून आत आले.

"अन् पानं?"

"बांधली होती."

"मान पाहाय यांची," ते म्हणाले. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा फोटोवर ठेवला. "काठावर टाकली आहे. तूच सांगितलं होतं, भुकेलं पिल्लू मान ताठ करते म्हणून. हे भुकेले नाहीत बाई. हे तापले आहेत."

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. सुतळ्या, खांबावरची मादी, स्टेशन, माती. पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होते. मला वाटलं मारतील, ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्यांनी फोटो पाटीवर पालथा ठेवला. बाहेर पाऊस पडत होता. मग म्हणाले, "दादाले सांगू नको. त्याले दूर जायचं आहे."

मला ते सोयीचंच झालं, हेही लिहून टाकते. सुतळ्या सोडायच्या मी विसरले होते, तो नाही.

मृगात सगळी झाडं फुलली, परस वासाने भरून गेला. ते एक झाड नुसत्या पानांचं उभं राहिलं. जो येई तो विचारी, याला काय झालं? आई सांगायची, यांनी पाखरासाठी पाणी पाजलं. लोक हसायचे. बाबा पुढे दोन वर्षं जगले. डाव्या हाताने त्यांनी लोटा काढला, खाटेचा पाय काढला, माझा हात काढला, आईचं पाणी पिणारं तोंड काढलं. पाखरू एकही काढलं नाही, आणि मीही परसातलं काही सांगायला गेले नाही.

दादाचं नाव भोपाळच्या यादीत आलं. त्या दिवाळीला तो घरी नव्हता. जन्म तिकडेच गेला त्याचा. मी लग्नानंतर कधीमधी जायची, तेव्हा क्वार्टरच्या बैठकीत समोरच तो फोटो असायचा, मोठा, काचेत. कोणी आलं की दादा हिंदीत सांगायचा, हमारे पिताजी के चश्मे से निकाला है, बहन ने आटा लगाया था. मग मराठीत मला म्हणायचा, "घराचं म्हणून माझ्यापाशी एवढंच आहे पाहाय." एकदा जिभेवर आलं होतं. त्याने त्याच वेळी फ्रेमवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि मी चहाचा कप उचलला. बाबांना कळलं होतं हे त्याला कधीच कळलं नाही.

आता दादा गेला. मागच्या महिन्यात त्याच्या मुलीने घर आवरताना तो फोटो काढला आणि मोबाइलवर मला पाठवला. मग फोन केला. तिची मराठी आमच्यासारखी नाही, अडखळत बोलते. म्हणाली, "आत्या, किती गोड आहेत! बाबा नेहमी म्हणायचे, ही आईची वाट पाहत आहेत. खरं का?"

"हो बाई," मी म्हटलं. "आईचीच वाट पाहून राहिली होती."

ते खरंच होतं. आई दहा पावलांवर होती, विहिरीच्या खांबावर, जीव तोडून ओरडत. मध्ये आम्ही उभे होतो.